काळ्या सायकलचे ब्रेक : फ्रेमला भोक पाडण्यापूर्वी

#थ्रेड

१/ अलिबागकडून मुरूडला येणाऱ्या रस्त्याचा शेवटचा उतार नवाबाच्या राजवाड्याशेजारून गावात उतरतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकदरा ओलांडून राजपुरीकडे निघाले की पुन्हा चढ लागतो आणि माथ्यावरून जंजिरा दिसू लागताच पुन्हा उतार. ज्या गावात शिरतानाही उतार आणि बाहेर पडल्यावरही उतार, तेथे सायकलच्या ब्रेकचा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांपुरता राहत नाही.

२/ जुनी काळी सायकल आता पुन्हा बाहेर निघू लागली आहे. माळ्यावरून, पडवीतून, वाडीतल्या कोठीतून. कोणी ती पुसून दाराशी शोभेला ठेवतो, कोणी चालवण्याजोगी करू पाहतो. या दुसऱ्या माणसापुढे पहिली अडचण ब्रेकची येते. मूळचे ब्रेक गंजून आवळलेले असतात आणि बाजारात सहज मिळणारे नवे ब्रेक त्या फ्रेमवर बसत नाहीत. मग ड्रिल हाती घेतले जाते. तसे ते घेतले जाऊ नये, असे या धाग्याचे म्हणणे आहे. त्यासाठी आधी ती फ्रेम अशी का घडली, हे पाहावे लागते.

३/ सायकलचा जुना ब्रेक म्हणजे चमच्याच्या आकाराची एक लोखंडी पट्टी. हँडलवरची मूठ दाबली की ती थेट टायरवर घासे. टायर भरीव रबराचा होता तोवर हे चालले. १८८८ साली डनलॉपचा हवा भरलेला टायर आला आणि अशी पट्टी त्या महागड्या टायरची वैरी ठरू लागली. तेव्हा ब्रेक टायरवरून उतरून रिमकडे सरकला.

४/ रिम धरण्याचे दोन मार्ग पुढे आले. एक तारेचा : १८९६ साली अर्नेस्ट बाउडेनने पेटंट घेतलेली, लवचीक नळीतून जाणारी तार. तीच आजची ब्रेक-केबल. दुसरा मार्ग सळ्यांचा, म्हणजेच रॉड ब्रेक. आपल्याकडच्या काळ्या सायकलवर हँडलखालून उतरणाऱ्या ज्या चकचकीत सळ्या दिसतात, त्या या दुसऱ्या घराण्याच्या.

५/ त्यांचे काम साधे आहे. हँडलखालचा दांडा मुठीकडे ओढला की उभी सळी वर खेचली जाते. तिच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीसारखा एक कमानदार तुकडा असतो. त्यावरचे दोन रबरी गुटके रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे आऱ्या जेथून निघतात त्या बाजूला, जाऊन दाबतात. मागच्या चाकासाठी सळी फ्रेमच्या खालच्या नळीला समांतर उतरते, पायडलच्या धुरेपाशी एका कोपऱ्याच्या तुकड्यावर वळते आणि मागची रिकीब पुढे ओढते. पुढचा ब्रेक वर ओढला जातो, मागचा पुढे. दोन्ही ठिकाणी रबर धुरेपासून दूर, बाहेरच्या दिशेने दाबले जाते.

६/ यासाठी रिमही वेगळी लागते. बर्मिंगहॅमच्या वेस्टवुडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रिमला मध्ये आऱ्यांसाठी एक पन्हळ असते आणि तिच्या दोन अंगांना गुटक्यांसाठी दोन पट्ट्या. बाहेरच्या कडा गोलसर वळलेल्या असतात. बाजूने चिमटीत धरणाऱ्या कॅलिपर ब्रेकला जी सपाट भिंत लागते, ती या रिमला नाहीच. म्हणजे एखाद्याने सायासाने कॅलिपर बसवला तरी त्याचे रबर गोल कडेवरून निसटत राहणार. ही गोष्ट बहुधा भोक पाडून झाल्यावर ध्यानात येते!

७/ आता मुख्य मुद्दा. रॉड ब्रेक फ्रेमला कसा धरतो? बहुतांशी पट्ट्यांनी. चिमट्याच्या दोन पायांना आवळलेल्या पट्ट्या पुढच्या रिकिबीला वाट दाखवतात. मागे साखळीलगतच्या दोन नळ्यांना तशाच पट्ट्या असतात. नट सैल केला की सगळे सुटे होते. यासाठी चिमट्याच्या माथ्याला आरपार भोक लागत नाही, म्हणून कारखान्याने पुष्कळदा ते पाडलेले नसते. कॅलिपर ब्रेकचे नेमके उलट : त्याचा सारा संसार चिमट्याच्या माथ्यातून आरपार जाणाऱ्या एका बोल्टवर उभा असतो.

८/ रॉड ब्रेकमध्ये हँडलही ब्रेकचाच भाग असते, कारण ब्रेकच्या दांड्यांचे कान हँडललाच जोडलेले असतात. तेव्हा 'नुसते ब्रेक बदलू' असे म्हणणारा माणूस वस्तुतः हँडल, ब्रेक, दोन्ही रिमा आणि पुष्कळदा टायरही बदलायला निघालेला असतो. एवढे बदलल्यावर जुनी म्हणून उरते ती फ्रेम. आणि तिलाही भोक!

९/ रॉड ब्रेक भारतात इतका का टिकला, यावर एक ठरीव उत्तर दिले जाते : आपण मागे राहिलो. इंग्रजांनी ते सोडले, आपण तेच उगाळत बसलो. हे उत्तर अर्धवट आहे.

१०/ आधी कारखान्यांचा इतिहास. स्वातंत्र्याच्या आगेमागे परदेशी सायकलींची जागा देशी उत्पादनाने घेतली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९४९ साली मद्रासला टी. आय. सायकल्स निघाली आणि हर्क्युलिस येथेच बनू लागली. आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनिपतला ॲटलस, १९५६ साली लुधियानात हीरो. साचा मात्र सर्वांचा एकच, इंग्लिश रोडस्टरचा : २८ इंची चाके, उंच फ्रेम आणि रॉड ब्रेक. पुढे हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या आजारी पडल्या व १९८० च्या एका कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. सायकलच्या कारखान्यासाठी संसदेने कायदा करावा, हे आज वाचताना गंमतीचे वाटते. पण सायकल तेव्हा तेवढी महत्त्वाची वस्तू होती.

११/ म्हणजे साचा बाहेरून आला, हे खरे. पण टिकला तो येथल्या कारणांनी. मुरूड हे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाचे राजधानीचे गाव. मुंबईशी ये-जा त्या काळी मुख्यतः समुद्रमार्गे. रस्त्याने जायचे तर खाड्या आडव्या. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की एखादा सुटा भाग मुंबईहून मागवणे म्हणजे महिन्यांची वाट. अशा गावात कोणती सायकल चालेल? जी गावातल्या गावात दुरुस्त होईल ती.

१२/ वाकलेली सळी ऐरणीवर ठोकून सरळ होते. रिकीब मोडली तर लोहार दुसरी घडवू शकतो. रबर झिजले तर तात्पुरता जाड टायरचा तुकडा कापून बसवता येतो. (चांगला नव्हे, पण घरी पोहोचवणारा.) केबलचे तसे नाही. खाऱ्या वाऱ्यात केबल आतल्या आत, नळीत, गंजते. बाहेरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी मुठीपाशी तार तुटते. सळीचा गंज डोळ्यांना दिसतो. ती मोडण्यापूर्वी कुरकुरते, अडते, सूचना देते. किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक कोणी पुस्तकातून शिकवावा लागला नसेल.

१३/ आणखी एक गुण. चाक डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर कॅलिपरचे रबर प्रत्येक फेऱ्याला घासते. रॉड ब्रेक आतून दाबत असल्यामुळे थोड्याशा डुगडुगीची त्याला पर्वा नसते. त्याला खपत नाही तो उंच-सखलपणा, म्हणजे खड्ड्यात आदळून रिमला आलेला पोचा. म्हणून अशा चाकाचा 'आउट' काढताना बाजूच्या आउटपेक्षा उंचीचा आउट आधी पाहावा लागतो. केबलच्या सायकलीवर हात बसलेल्या नव्या कारागिराकडून हीच गोष्ट निसटते आणि मग दोष ब्रेकच्या माथी येतो.

१४/ रॉड ब्रेकची बाजू एवढी घेतल्यावर त्याचा मोठा दोषही सांगायला हवा. क्रोम चढवलेली लोखंडी रिम भिजली की रबराची पकड कित्येक पटींनी घटते. हा दोष मुख्यतः रिमचा आहे. त्याच रिमवर कोणताही रबरी ब्रेक असाच फसेल. इंग्लंडमध्ये यावर चामड्याचा थर लावलेले गुटके विकले जात, कारण ओल्या क्रोमवर चामडे रबरापेक्षा बरे धरते. जून ते सप्टेंबर जेथे रस्ता सुकतच नाही, त्या किनाऱ्यावर हा तपशील किरकोळ नाही. 'जुने ते सोने' म्हणत पावसात उतारावर सुटणाऱ्याला कोणताही इतिहास वाचवणार नाही.

१५/ म्हणूनच ब्रेक बदलू पाहणाऱ्याची चिंता खोटी नाही. प्रश्न एवढाच, की बदलायचे ते कसे. पर्याय एकेक पाहू.

१६/ कॅलिपर. यात दोन मोजमापे कळीची. पहिले बोल्टच्या भोकापासून रिमच्या भिंतीपर्यंतचे अंतर. ब्रेकचे हात तेवढे लांब हवेत. काळ्या सायकलची २८ × १½ रिम ६३५ मिमी व्यासाची; आजची प्रचलित ७०० सी रिम ६२२ मिमीची. त्रिज्येत फरक साडेसहा मिमी. ऐकायला थोडा वाटतो, पण जाड टायर व मडगार्डसाठी या फ्रेममध्ये आधीच भरपूर मोकळी जागा सोडलेली असते, त्यात ही भर. २६ × १⅜ ची ५९० मिमी रिम घातली तर फरक साडेबावीस मिमी. तितके लांब हात मिळणे कठीण, आणि पायडलही तितकेच जमिनीजवळ येते. शिवाय हात जितका लांब, तितका तो लवचीक आणि तितका त्याचा जोर कमी. हा तरफेचा नियम आहे, त्याला कंपनीचे नाव काही करू शकत नाही.

१७/ दुसरे मोजमाप बोल्टचे, आणि ते खरे घातक. जुन्या इंग्लिश परंपरेतला बोल्ट पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमी, आणि इंचाला २६ आटे. आजचा बोल्ट ६ मिमीचा, एकेक मिमीवर आटा. २६ आट्यांचे अंतर साधारण ०.९८ मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्यामुळे नवा ६ मिमीचा बोल्ट जुन्या पाव इंची नटात मुकाट फिरतो, आवळल्यासारखा वाटतो, पण आटे एकमेकांना केवळ टोकाशी धरून असतात. अंगणात तो टिकतो, उतारावर जोराने ब्रेक दाबला की सुटतो. जुन्या-नव्या ब्रेकांची सरमिसळ करताना नट आणि बोल्ट एकाच घराण्याचे आहेत ना, हे मोजून पाहावे. बोटांच्या अंदाजावर सोडू नये.

१८/ आता त्या भोकाविषयी. चिमट्याचा माथा म्हणजे हँडलकडून येणारी उभी नळी आणि खालचे दोन पाय यांचा सांधा. पुढचा ब्रेक दाबला की सायकल-स्वाराचे वजन पुढे येते आणि चिमटा मागे वाकू पाहतो. त्या वाकण्याचा सर्वाधिक ताण याच सांध्याशी येतो. कारखान्यात भोक पाडतात तेव्हा तो माथा त्यासाठी भरीव घडवलेला असतो व भोक साच्यात धरून पाडलेले असते. हातातल्या ड्रिलने पाडलेले भोक किंचित तिरके जाते, नळीच्या भिंतीला कातरते आणि त्याच्या काठाला भेगेचे बी पेरते. फ्रेमची दुसरी एखादी नळी तडकली तर सायकल बहुधा आधी डगमगते. चिमटा माथ्याशी मोडला तर स्वार तोंडावर पडतो.

१९/ कँटिलिव्हर ब्रेक. यासाठी चिमट्याच्या पायांवर दोन खुंट्या डाख देऊन बसवाव्या लागतात. त्या एका विशिष्ट व्यासाच्या रिमसाठी बसतात. गुटका वर-खाली करायला जागा काही मिलिमीटरचीच. ६२२ साठी खुंट्या बसवल्या की ६३५ ची मूळ चाके त्या ब्रेकला कायमची परकी झाली. शिवाय पितळेचा डाख साधारण नऊशे अंशांना वितळतो. दारे-ग्रिले जोडणाऱ्या माणसाच्या हातून जुन्या बारीक नळीला ती आच सोसेलच, असे धरून चालणे धाडसाचे.

२०/ या बाबतीत एक परदेशी दाखला बोधक आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण १९३०-४० च्या जाडजूड जुन्या सायकली डोंगरावरून सोडत. त्यांना पायडल उलटे दाबून लागणारा, हबमधला ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. १९७६ साली तेथे शर्यतही सुरू झाली.

२१/ त्यांनी पुढे काय केले? जुन्या फ्रेमवर ड्रम ब्रेक बसवले, कारण तेही हबमध्येच असतात व पट्टीने नळीला बांधता येतात. आणि कँटिलिव्हर हवेतच असे वाटले तेव्हा जो ब्रीझने १९७७ साली त्यासाठी नवी फ्रेम बांधली. माउंटन बाइकचा जन्म या घडामोडींतून झाला, हे सर्वज्ञात आहे. त्यातली कारागिरीची शिस्त मात्र कोणी फारशी सांगत नाही. जो ब्रेक फ्रेमला मानवतो तो जुन्या फ्रेमवर, जो मानवत नाही त्यासाठी नवी फ्रेम.

२२/ मुरूडच्या सायकललाही हाच हिशेब लागू पडतो. मागच्या चाकासाठी उलट पायडलचा हब-ब्रेक (जर्मनीत टॉर्पेडो हब १९०३ पासून प्रसिद्ध) उत्तम. त्याला फ्रेमकडून हवी असते ती साखळीलगतच्या नळीला आवळलेली एक पट्टी. पाऊस त्याला शिवत नाही. रीपॅकएवढा लांब उतार येथे नाही, तेव्हा ग्रीस जळण्याची भीतीही नाही. पुढे मूळचा रॉड ब्रेक दुरुस्त करून ठेवावा. पुढच्या चाकात ड्रम घालण्याचा मोह टाळलेला बरा : ड्रमचा सगळा झटका चिमट्याच्या एकाच पायावर येतो आणि रोडस्टरचा चिमटा त्यासाठी घडवलेला नाही.

२३/ हा मार्ग पटण्याचे दुसरे कारण म्हणजे तो उलटवता येतो. पुरातत्त्वाच्या क्षेत्रात जुन्या वास्तूला हात लावताना विचारतात की हे उद्या काढून टाकता येईल का. समोरच्या जंजिऱ्याच्या तटावर सिमेंट थापलेले पाहून जे हळहळतील, त्यांनी आजोबांच्या सायकलच्या चिमट्यालाही तोच न्याय लावायला हरकत नाही. हब-ब्रेकचे चाक काढून मूळचे चाक घालता येते, पट्टी सोडता येते. भोक सोडता येत नाही.

२४/ 'पण जुने भाग मिळतात कोठे?' हा आक्षेप योग्य आहे. काळी रोडस्टर भारतात अजून बनते, त्यामुळे रॉड ब्रेकचे संचही मिळतात, मुख्यतः लुधियानाचे. अडचण मापांची. चिमट्याचे पाय कोठे गोल, कोठे लंबगोल; त्यामुळे एका सायकलची पट्टी दुसरीवर नीट आवळत नाही. सळीची जाडी आणि रिकिबीची रुंदीही थोडी इकडे-तिकडे. म्हणून विकत घेताना जुनी पट्टी आणि जुनी रिकीब सोबत न्यावी, गंजलेली असली तरी. ती टाकून देणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक.

२५/ (जाता जाता एक योगायोग. ३ जून हा जागतिक सायकल दिन. २०२० साली याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मुरूडच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्याच दिवशी ॲटलसने साहिबाबादचा कारखाना थांबवून कामगारांना घरी पाठवले. सुट्या भागांचा झरा कधी आटेल हे सांगता येत नाही, एवढ्यासाठीच हा उल्लेख.)

२६/ मूळ जोडणी कशी असते हे पाहायचे तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. २०१७ साली ते सुरू झाले. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या काळांतल्या सायकली तेथे शेजारी शेजारी उभ्या आहेत. पाहणाऱ्याने तेथे फ्रेमचा रंग, सीट आणि घंटा यांत न रमता खाली वाकावे आणि ब्रेक फ्रेमला कोठे, कशाने धरला आहे तेवढेच पाहत जावे. चमच्यापासून केबलपर्यंतचा प्रवास त्या पट्ट्या आणि बोल्टांत वाचता येतो.

२७/ दुरुस्तीचे दोन शब्द. अडलेली सळी ठोकू नये. प्रत्येक सांध्याला तेल देऊन रात्रभर ठेवावी आणि सकाळी हाताने हलवून पाहावी. सुटलेला प्रत्येक नट, वायसर आणि पट्टी डब्यात घालून त्यावर सायकलचे नाव लिहावे.

२८/ गुटके ज्या लोखंडी घरात बसतात त्याचे एक टोक बंद असते. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला ते बंद टोक यायला हवे, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला रबर घरातून निसटून रस्त्यावर पडते. पुढच्या चिमट्यापाशी रिम पुढे सरकते, म्हणून तेथे बंद टोक पुढे. मागे साखळीलगतच्या नळ्यांपाशी ती खाली जाते, म्हणून तेथे बंद टोक खाली.

२९/ सगळे जुळल्यावर पहिली फेरी किनाऱ्यालगतच्या सपाट रस्त्यावर घ्यावी. दोन-चार दिवसांत रबर रिमवर बसते, सळ्या ताणतात आणि नट पुन्हा एकदा आवळावे लागतात. राजवाड्याचा उतार त्यानंतर. आणि मृग लागल्यावर, रिमा ओल्या असतील तर, तो उतार सायकलवरून उतरून, ती हाताने धरून चालत उतरावा. जुन्या चिमट्याला आणि नव्या स्वाराला दोघांनाही ते सोसते.

(समाप्त)